भाजलेल्या ओकचे तबक आणि २००० फेऱ्यांचा घोळ

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवार पुरवणीत घरसजावटीच्या पानावर भाजलेल्या, म्हणजे भट्टीत तापवून बदललेल्या, ओकच्या लाकडापासून शोभेचे तबक कसे कातावे, याची कृती छापून आली आहे. लाकूड कातण्याबद्दल मराठी वृत्तपत्रात कुणी लिहीत नाही, त्यामुळे लेख पाहून आनंद झाला. पण कृतीत बऱ्याच चुका आहेत आणि त्यांतली एक जिवावर बेतणारी आहे. तिच्यापासूनच सुरुवात करतो.

लेखात ३०० मिलिमीटर व्यासाच्या चकतीसाठी लेथचा, म्हणजे लाकूड फिरवून कातायच्या यंत्राचा, वेग मिनिटाला २००० फेरे दिला आहे. लाटणे कातायचे असेल तर हा वेग चालतो, कारण लाटण्याचा व्यास ४०-५० मिलिमीटर असतो. तबक त्याच्या सहापट रुंद. २००० फेऱ्यांवर ३०० मिलिमीटरच्या चकतीची कड ताशी सुमारे ११३ किलोमीटर वेगाने धावते. ७०० फेऱ्यांवर तीच ४० किलोमीटरने. शिवाय चकतीला बाहेर खेचणारा ताण वेगाच्या वर्गाने वाढतो, म्हणजे ७०० वरून २००० वर गेल्यावर तो तिप्पट नव्हे, आठपट होतो. दीड किलोच्या चकतीत एखादी न दिसणारी चीर असेल, तर या वेगाला तिचे दोन तुकडे होतील आणि समोर उभ्या माणसाकडे झेपावतील. कातारी लोकांचा हिशेब सोपा आहे. व्यास इंचांत घ्यायचा, त्याला फेऱ्यांनी गुणायचे आणि उत्तर ६००० ते ९००० मध्ये ठेवायचे. १२ इंचांच्या तबकाला ५०० ते ७५० फेरे. भाजलेल्या लाकडाला यातलीही खालची बाजू धरावी. चकती ओबडधोबड असेपर्यंत ४००, ती समतोल फिरू लागली की ६००, आणि शेवटच्या बारीक हातासाठी फार तर ७५०.

आता मूळ गैरसमजाकडे. लेखात म्हटले आहे की, ‘भट्टीत भाजल्यावर ओक दगडासारखा कठीण होतो’. प्रत्यक्षात तो ठिसूळ होतो. पुढच्या सगळ्या चुका या एका वाक्यातून आल्या आहेत, म्हणून भट्टीत काय घडते ते थोडे सविस्तर सांगायला हवे.

लाकूड उष्णतेने बदलता येते ही कल्पना जुनी असली, तरी तिला कारखान्याचे रूप आले ते १९९० च्या दशकात, फिनलंडमध्ये. तिथल्या व्हीटीटी या सरकारी संशोधन संस्थेने ही पद्धत विकसित केली आणि ‘थर्मोवूड’ हे नाव तिथूनच रूढ झाले. फ्रान्समध्ये हेच काम नायट्रोजन भरलेल्या भट्टीत, जर्मनीत गरम तेलात आणि नेदरलँड्समध्ये आधी वाफेच्या दाबाखाली व मग कोरड्या उष्णतेत, अशा वेगवेगळ्या वाटांनी झाले. फिनिश पद्धतीत लाकूड आधी १३० अंशांपर्यंत नेऊन त्यातला ओलावा जवळजवळ शून्यावर आणतात. मग वाफेच्या आवरणात, म्हणजे प्राणवायू फारसा न पोचू देता, दोन-तीन तास त्याहून वर तापवतात आणि शेवटी पाण्याचे फवारे मारून थंड करत ओलावा ४ ते ७ टक्क्यांवर आणतात. कठीण लाकडांसाठी १८५ आणि २०० अंश अशा दोन पायऱ्या ठरल्या आहेत. ओकच्या बाबतीत पुष्कळदा त्याहून खालीच थांबतात.

या तापमानाला सेल्युलोज, म्हणजे तंतूंचा मुख्य घटक, टिकून राहते, पण हेमिसेल्युलोज फुटते. हेमिसेल्युलोज म्हणजे लाकडाच्या तंतूंना आणि लिग्निनला (तंतूंमध्ये भरलेल्या कडक पदार्थाला) एकत्र धरून ठेवणारा, आणि हवेतले पाणी सर्वांत जास्त ओढून घेणारा घटक. तो गेला की लाकूड पाणी कमी पिते आणि कमी फुगते-आकसते. नफा हाच. तोटाही तिथेच, कारण तंतूंमधली चिवट पकड सैल होते. चिरण्याला होणारा लाकडाचा विरोध ३० ते ४० टक्क्यांनी घटू शकतो. वाकवले तर ते लवत नाही, काडकन मोडते. नखाने दाबून पाहिल्यावर कठीण लागते आणि त्यानेच माणूस फसतो.

ओक यात आणखी अवघड. युरोपातल्या पांढऱ्या ओकच्या जलवाहिन्या पातळ पडद्यांनी बुजलेल्या असतात. वाइनची पिंपे ओकची करतात ती याच गुणामुळे, पिंप गळत नाही. भट्टीत मात्र हा गुण उलटतो. आतली वाफ बाहेर पडायला वाट नसते आणि जाड फळीच्या पोटात मधमाश्यांच्या पोळ्यासारख्या चिरा पडतात. बाहेरून फळी अगदी निकोप दिसते. त्यामुळे भाजलेल्या ओकची ६०-७० मिलिमीटर जाड फळी स्वस्तात मिळाली म्हणून खूश होण्यात अर्थ नाही. तबकासाठी ३५ मिलिमीटर पुरेशी आहे, आणि तेवढ्या जाडीची फळी आतून शाबूत असण्याची शक्यताही जास्त असते.

फळी घेताना दोन गोष्टी कराव्यात. दुकानदाराला प्रक्रियेचे तापमान विचारावे. त्याला ते माहीत नसेल तर माल कुणाचा आहे हे तरी कळावे. दुसरे, फळीचे टोक २५ मिलिमीटर कापून नवा छेद उजेडात पाहावा. छेदावर स्पिरिट फिरवले की बारीक चीर ओली राहून काळी रेघ उमटते. अशी रेघ दिसली तर आणखी २५ मिलिमीटर कापावे. तीही चिरलेली निघाली तर फळी परत करावी. दोन बोटांत धरून बोटाच्या सांध्याने ठोकल्यावर खणखणीत न वाजता फदफदीत आवाज आला, तर तीही नको.

नावांचा घोळही लेखात बराच आहे. ‘शेकडो वर्षे दलदलीत मुरलेला’ ओक वेगळा. तो युरोपातल्या पीटच्या (दलदलीत साचलेल्या कुजक्या वनस्पतींच्या) थरांत हजारो वर्षे पडून, पाण्यातल्या लोहाने काळा झालेला असतो आणि फार महाग असतो. अमोनियाच्या वाफेत ठेवून तपकिरी केलेला ओकही वेगळा. त्याचा रंग काही मिलिमीटरच खोल जातो, त्यामुळे कातायला घेतला की आतून पिवळट लाकूड डोकावते. भाजलेल्या ओकचा चॉकलेटी रंग आरपार असतो आणि ताज्या छेदाला धुरकट, किंचित आंबूस, करपलेल्या साखरेसारखा वास येतो. ओळखायला एवढे पुरते. आणि आपल्याकडे बंगल्यांच्या कुंपणाला लावतात तो सिल्व्हर ओक तर ओकच नव्हे. ते झाड मूळचे ऑस्ट्रेलियातले, वेगळ्याच कुळातले. त्याच्या फळीवर ओकसारखे चकचकीत पट्टे दिसतात, एवढ्यावरून हे नाव पडले. खरे ओक भारतात हिमालयात आणि ईशान्येत आहेत, सह्याद्रीत नाहीत. सिल्व्हर ओकची चकती भट्टीत घालून लेखातला परिणाम मिळेल, अशी अपेक्षा कुणी करू नये.

भट्टीचा विषय निघालाच आहे, तर लेखातली ‘घरच्या ओव्हनमध्ये २०० अंशांवर तीन तास’ ही सूचना कृपया मागे घ्यावी. घरच्या ओव्हनमध्ये प्राणवायू भरपूर असतो. लाकूड बाहेरून करपते, आतून चिरते, त्यातून ॲसेटिक आम्लाची वाफ निघते आणि कोपरा धुमसू लागला तर दार उघडताक्षणी पेट घेतो. ज्या ओव्हनमध्ये केक होतो तिथे हे उद्योग नकोत.

आता प्रत्यक्ष काम. ३०० मिलिमीटर रुंदीची भाजलेली ओक फळी अखंड मिळत नाही. १०० ते १५० मिलिमीटरच्या फळ्या मिळतात. म्हणून १०५ रुंद, ३२० लांब आणि ३५ जाड असे तीन तुकडे घेऊन जोडावे. कडा रंध्याने सरळ करताना एका वेळी अर्ध्या मिलिमीटरहून जास्त काढू नये. टोकाला लाकूड फुटते. दोन जोड मध्यापासून सारख्या अंतरावर यावेत, म्हणजे तबकावर ते चुकल्यासारखे न दिसता ठरवून घेतल्यासारखे दिसतात. नेहमीचा पांढरा गोंद चालतो, पण तो सुकतो लाकडाने त्यातले पाणी शोषल्यावर, आणि हे लाकूड पाणी शोषायला नाखूष. सागाला दोन तास क्लॅम्प (शिकंजा) पुरत असेल तर इथे रात्रभर ठेवावा आणि चकती लेथवर चढवण्याआधी पुरता एक दिवस जाऊ द्यावा. पॉलियुरेथेन गोंदाला उलट ओलावा लागतो, म्हणून एका कडेवर ओला फडका फिरवावा. एपॉक्सीला यातले काहीच लागत नाही. ती महाग, पण बिनघोर. क्लॅम्प मात्र पिळून आवळू नयेत, कडा चेपतात.

ओलावामापकाच्या दोन सुया टोचून ‘लाकूड वाळले आहे का’ हे पाहण्याचा सल्ला इथे निरुपयोगी आहे. तो मापक साध्या लाकडाच्या विद्युतरोधावर बेतलेला असतो आणि भाजलेल्या लाकडात चुकीचा आकडा दाखवतो. जोडलेली फळी कार्यशाळेत दोन आठवडे उभी ठेवावी आणि रोज वजन करावे. वजन बदलायचे थांबले की लाकूड तिथल्या हवेशी जुळले. साध्या ओकला ओबड कातून चार-सहा महिने वाळवावे लागते, मग दुसऱ्यांदा कातावे लागते. ती दगदग मात्र इथे वाचते, एका बैठकीत तबक पुरे होऊ शकते. भाजलेल्या लाकडाच्या बाजूने बोलायचे तर कातणाऱ्यासाठी हा सगळ्यांत मोठा फायदा आहे.

चकती चकात, म्हणजे लेथवर लाकूड पकडणाऱ्या जबड्यांच्या साधनात, कशी धरायची, यावर लेखात एक ओळ आहे. तळाला खोबण पाडून चकाचे जबडे तिच्यात उघडायचे. साध्या लाकडाला ही उत्तम पद्धत आहे. भाजलेल्या ओकला ती पाचर ठोकल्यासारखी लागते. चार जबडे आतून बाहेर दाबतात, तो दाब रेषेच्या, म्हणजे लाकडाच्या तंतूंच्या दिशेच्या, आडवा येतो आणि चकती नेमकी मध्यातून, रेषेच्या दिशेने उलते. कधी कसताना उलते. कधी कसताना काहीच होत नाही, अर्ध्या तासाने गोल पटाशी अडखळते तेव्हा उलते. बाहेर काढलेल्या गोल कडेला जबड्यांनी धरणे त्यापेक्षा बरे, पण ३५ मिलिमीटरच्या फळीतली ५-६ मिलिमीटर जाडी त्यात जाते आणि ती कडही ठिसूळच असते.

योग्य उपाय असा की तबकाच्या तळाला साध्या, चिवट लाकडाचा ठोकळा चिकटवावा. आंबा चालेल, शिवण चालेल. व्यास ९० ते १०० मिलिमीटर, जाडी २५. सागाचा नको, त्याच्या तेलकटपणामुळे गोंदाची पकड बेभरवशाची होते. प्लायवूडही नको, थरांतून सुटते. दोन्ही पृष्ठभाग अगदी सपाट करून एपॉक्सीने जोडावे आणि चकाने किंवा फेसप्लेटने (स्क्रूने बसवायच्या लोखंडी चकतीने) या ठोकळ्याला धरावे. फेसप्लेटचे स्क्रू ठोकळ्यातच राहतील, तबकाला टोचणार नाहीत, इतक्याच लांबीचे घ्यावेत. ठोकळा सुटा करताना पटाशी आणि हातोडी वापरू नये. पूर्वी जोडात कागद घालून शेवटी पटाशीने तो उलवीत असत. इथे तसे केले तर कागदाबरोबर ओकच्या ढलप्या निघतात. तबक उलटे धरून ठोकळा लेथवरच कातून काढावा.

चकती गोल कापायला बँडसॉवर (पट्ट्याच्या करवतीवर) १० मिलिमीटर रुंद, इंचाला तीन-चार दात असलेले पाते लावावे. लेथवर चढवल्यावर आधी हाताने पूर्ण फेरा फिरवून ती टूलरेस्टला (पटाशी टेकवायच्या आडव्या दांडीला) घासत नाही ना, हे पाहावे. टेलस्टॉक, म्हणजे समोरून चकतीला टेकू देणारा भाग, जितका वेळ लावून ठेवता येईल तितका ठेवावा. लेथ सुरू करताना माणसाने चकतीच्या समोर उभे न राहता बाजूला असावे. चष्मा पुरत नाही. चेहरा झाकणारी जाड पारदर्शक ढाल हवी.

कातताना पहिली अडचण कडेवर येते. तबकाची पाठ कातताना पटाशी तळाकडून कडेकडे, म्हणजे लहान व्यासाकडून मोठ्याकडे नेतात, कारण त्या दिशेने तंतूंना खालून आधार मिळतो. पण कडेशी पोचल्यावर पुढे आधार संपतो आणि शेवटचे दोन-तीन मिलिमीटर लाकूड तुकड्याने उडते. साधा ओक इथे थोडा फाटतो. भाजलेला सरळ मोडतो. म्हणून आधी कडेपासून आत १५ मिलिमीटर उलट दिशेने हलके कातून घ्यावे. मग तळाकडून येणारी पटाशी त्या कातलेल्या जागेत हवेत सुटते, कडेला लागतच नाही. गोल पटाशीची धार ४५ ते ५५ अंशांची, तिच्यातली पन्हळ (खोबण) १० मिलिमीटरची, आणि एका वेळी दीड-दोन मिलिमीटरच घ्यायचे. धार बोथट झाली की हे लाकूड ढलप्या देणे थांबवते आणि नुसती पूड उडवते. पूड दिसली की लेथ थांबवून धार लावावी, हात जड करू नये.

दुसरी अडचण क्रमाची. तबकाचे पोट, म्हणजे मधला खोलगट भाग, आधी खोल करून मग काठ सजवायला गेले तर काठ थरथरतो आणि पटाशीचे लाटांसारखे वण उमटतात. काठ पूर्ण करावा, अगदी पॉलिश पेपरपर्यंत, मगच मध्याकडे जावे. ३०० मिलिमीटरच्या तबकाला ५५ ते ६० मिलिमीटर रुंद काठ शोभतो. पोट २० मिलिमीटरहून खोल नको, म्हणजे ३५ मिलिमीटरच्या फळीत तळाला अंग उरते. शेवटची जाडी ८ ते १० मिलिमीटर. चार मिलिमीटरची कागदासारखी तबके कातून दाखवणारे लोक ओले मेपल किंवा तत्सम लाकूड वापरतात. इथे तो हट्ट धरू नये. काठाची बाहेरची कड धारदार न ठेवता दोन मिलिमीटर त्रिज्येने गोलवावी. धारदार ठेवली तर भिंतीवर टांगतानाच टवका उडेल.

लेखातल्या फोटोत काठावर मण्यांची बारीक रांग आहे. ती साध्या लाकडाची असणार. भाजलेल्या ओकमध्ये दोन मिलिमीटरचा मणी चकतीच्या ज्या दोन बाजूंना रेषा आडवी तुटते, तिथे टिकत नाही. पाच मिलिमीटरहून मोठा मणी करावा, किंवा मण्याऐवजी पन्हळ घ्यावी. पन्हळीला मोडायला बाहेर आलेले काही नसते.

माझ्या मते या लाकडाला मण्यांपेक्षा त्याची स्वतःची रंध्रेच जास्त शोभतात. १८० नंबरच्या पॉलिश पेपरपर्यंत घासून लेथ बंद करावे आणि पितळी तारांचा ब्रश फक्त रेषेच्या दिशेने, हाताने चालवावा. मऊ भाग थोडा निघून रंध्रे उघडतात. फिरत्या लेथवर ब्रश लावला तर दोन बाजूंना तो रेषेला आडवा जातो आणि ओरखडे उठतात. मग चपडीचा, म्हणजे स्पिरिटात विरघळवलेल्या लाखेचा, पातळ हात द्यावा, १०० मिलिलिटर स्पिरिटात १० ते १२ ग्रॅम. हा हात वगळला तर पुढचे पांढरे (पांढरा रंग मिसळलेले) मेण सगळ्या लाकडात मुरून तबक राखाडी, मळकट दिसते. चपडी वाळल्यावर पांढरे मेण फडक्याने रंध्रांत दाबून भरावे, दहा मिनिटांनी रेषेला आडवे पुसावे आणि वर साधे मेण द्यावे. काळ्याभोर तपकिरीवर पांढऱ्या रेघा उमटतात.

इथे पोलादी ब्रश किंवा लेखात सुचवलेले स्टील वूल (बारीक पोलादी तारांचा बोळा) अजिबात नको. ओकमध्ये टॅनिन हे तुरट द्रव्य असते. लोखंडाचे कण रंध्रांत अडकले आणि त्यांना पावसाळी हवा लागली की निळसर काळे डाग फुटतात. आज नाही, तर जुलैत. मागे हूक बसवायचे असेल तर स्क्रूही स्टेनलेस किंवा पितळी घ्यावेत, आणि आधी छिद्र पाडूनच.

आपल्याकडच्या लाखकामाची आठवण लेखिकेने काढली, ते छान. पण सावंतवाडीची किंवा कर्नाटकातल्या चन्नपट्टणची लाखेची कांडी या तबकावर चालणार नाही. फिरत्या लाकडावर कांडी दाबून घर्षणाच्या उष्णतेने लाख पसरवायची आणि केवड्याच्या पातीने चमकवायची, ही पद्धत बारीक, एकसारख्या रंध्रांच्या लाकडासाठी आहे. चन्नपट्टणला त्यासाठी हाले, म्हणजे आपला काळा कुडा, वापरतात. ओकची रंध्रे इतकी मोठी की लाख कुठे बुजते, कुठे पूल बांधते आणि पृष्ठभाग देवीचे वण असल्यासारखा दिसतो.

पॉलिश पेपरबद्दल थोडेच. १५० ने सुरुवात, मग १८०, आणि ब्रश फिरवायचा नसेल तर पुढे २४०, ३२०. हाताला ऊब जाणवू लागली की थांबावे. तापल्याने केसासारख्या चिरा पडतात. दर नंबरानंतर रंध्रांतली पूड ब्रशने किंवा हवेच्या झोताने काढावी. नाहीतर तेल लावल्यावर तिचा काळा चिखल होतो.

ही पूड हा मात्र थोडक्यात आटपण्याचा विषय नाही. भाजलेले लाकूड ढलप्या कमी आणि धूळ जास्त देते, तीही फार बारीक आणि खडखडीत कोरडी. लाकडाच्या धुळीला आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने १९९५ मध्येच कर्ककारकांच्या पहिल्या गटात घातले. नाकाच्या पोकळीतल्या कर्करोगाशी तिचा संबंध ओक आणि बीचच्या कामगारांत विशेष स्पष्ट दिसला. युरोपीय संघात कठीण लाकडाच्या धुळीची मर्यादा २०२३ पासून घनमीटरला २ मिलिग्रॅम आहे. तोंडाला रुमाल बांधून हे काम करू नये. निदान एन-९५ दर्जाचा, नाकाशी घट्ट बसणारा मुखवटा हवा आणि लेथच्या मागे धूळ ओढणारा पाइप हवा. काम संपल्यावर झाडू मारला की खाली बसलेली सगळी पूड पुन्हा हवेत उडते. व्हॅक्यूमने ओढावी किंवा ओल्या फडक्याने पुसावे.

मेणाऐवजी तेल हवे असेल तर जवसाचे उकळलेले किंवा टंग (टंग झाडाच्या बियांचे) तेल घ्यावे. पहिला हात टर्पेंटाइन निम्मे घालून, वीस मिनिटांनी उरलेले पुसून काढावे. एक दिवस थांबून दुसरा, मग तिसरा. हे लाकूड तेल पुष्कळ पिते, पहिल्या हाताला घाबरू नये. शेंगदाण्याचे किंवा खोबऱ्याचे तेल लावू नये. ती वाळत नाहीत, चिकट राहतात आणि खवट होतात. जवसाच्या तेलाचे फडके बोळा करून कोपऱ्यात टाकले तर ते तेल वाळता वाळता तापते आणि फडका आपोआप पेटतो. ही अतिशयोक्ती नव्हे, सुतारशाळांना आगी लागण्याचे हे जुने कारण आहे. फडके उघड्यावर पसरून वाळवावेत किंवा पाणी भरलेल्या पत्र्याच्या डब्यात टाकावेत.

रंग कायम राहतो, हे लेखातले विधानही खरे नाही. उन्हाच्या झळीत, अगदी खिडकीजवळही, तो चॉकलेटी रंग फिकट होत जातो. उघड्यावर ठेवले तर राखाडी होतो. तबक सावलीतल्या भिंतीवर ठेवावे.

त्यात जेवण वाढावे का? शोभेचे म्हटले आहे तर शोभेचेच राहू द्यावे. ओली भाजी रंध्रांत शिरते, ब्रशने उघडलेल्या रंध्रांत तर जास्तच, आणि लाकडाचा धुरकट वास पदार्थाला लागतो. अक्रोड किंवा सुकी फुले ठेवायला हरकत नाही.

शेवटी, एवढा खटाटोप आपल्या हवेत फळतो का, हा प्रश्न वाचकांनी विचारला पाहिजे. एप्रिल-मेच्या कोरड्या हवेत लाकडातला ओलावा ७ टक्क्यांच्या आसपास उतरतो आणि भर पावसाळ्यात १६ पर्यंत चढू शकतो. नऊ टक्क्यांच्या या फरकात साधा ओक ३०० मिलिमीटरच्या आडव्या रुंदीत सुमारे ९ मिलिमीटर फुगतो आणि तबक अंडाकृती होते. भाजलेला ओक त्याच हवेत साधारण निम्मा हलतो. फरक खराच मोठा आहे. पण साग मुळातच ओकपेक्षा बराच कमी हलतो. हिरव्यापासून पूर्ण वाळेपर्यंत तो आडव्या दिशेने साधारण ५ ते ६ टक्के आकसतो. ओक ९ ते १० टक्के. म्हणजे जुन्या वाड्याच्या तुळईतला मुरलेला साग हा भट्टीत न जाताच भाजलेल्या ओकच्या जवळपास स्थिर आहे, वर चिवटही. नवशिक्याने पहिली दोन-तीन तबके सागाची किंवा शिवणीची कातावीत. भाजलेला ओक त्याच्या रंगासाठी घ्यावा, स्थिरतेसाठी समुद्रापलीकडून आणण्याची गरज नाही.

पत्र लांबले, जागेअभावी काटछाट करावी लागेल हे समजते. कापायचेच तर मण्यांचा आणि लाखेचा भाग कापावा. दुरुस्ती एकच छापायची असेल तर लेथच्या वेगाची छापावी, आणि शक्य असेल तर याच आठवड्यात. पुरवणी वाचून कुणी चकती कापायला घेतली असेल.

आपला,
एक कातकाम करणारा वाचक, पुणे